पाटीवरचे व्याज आणि पदरातले व्याज

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



बचत कुठे ठेवावी यावर आज बोला, असे मला कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा पहिल्यांदा मलाच हसू आले. कोरडवाहू कापूसवाल्यापुढे बचतीवर बोलायचे म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतर विडा कोणता खावा ते सांगण्यासारखे आहे. उत्पादनखर्च निघत नाही तिथे शिल्लक कुठून येणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो खरा आहे आणि त्यावर आपण एरवी बोलतोच.

पण थोडा विचार करा. नोकरदाराला दर महिन्याला पगार मिळतो. आपल्याला वर्षाचा पैसा दिवाळी ते होळी या चार महिन्यांत मिळतो, आणि तो पुरवायचा असतो पुढच्या दिवाळीपर्यंत. पहिल्या वेचणीचा कापूस विकला, ज्वारी बाजारात गेली, चुकारा खात्यावर आला. त्यातला काही देण्यात गेला, काही घरात लागला. उरलेला पैसा मिरगाच्या पेरणीपर्यंत कुठेतरी ठेवावाच लागतो. म्हणजे आपण श्रीमंत असो की नसो, पैसा ठेवण्याचा प्रश्न आपल्याला आहे. उलट नोकरदारापेक्षा जास्तच आहे, कारण त्याचा हुकला तर पुढच्या एक तारखेला पुन्हा येतो. आपला हुकला तर वर्ष हुकते.

आपल्या आजोबा-पणजोबांची बचत ज्वारीत असायची आणि ती ठेवायची जागा म्हणजे पेव. इथे पांढऱ्या टोपीची जी मंडळी बसली आहेत त्यांनी पेव पाहिले असेल. पोरांनी नाही पाहिले. पेव काढताना म्हातारी माणसे जागा कशी निवडायची? उंचवट्यावर, जिथे पाणी मुरत नाही, कडेने कडबा लावून. ज्वारी कुठे वाढेल असे कोणी विचारत नव्हते. कुठे सडणार नाही, हे विचारत होते. आणि पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरायचा नाही. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते हे त्यांना माहीत होते. पैशाच्या बाबतीत आपण हे सगळे विसरलो. पाटीवर मोठा आकडा दिसला की आपण थेट आत उतरतो.

मी घरचीच गोष्ट सांगतो. १९९७ साली माझ्या वडिलांच्या हातात कापसाचे तीस हजार रुपये शिल्लक राहिले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शिल्लक. बँकेपेक्षा तालुक्याच्या एका पतसंस्थेत चार टक्के जास्त मिळत होते. पैसे न्यायला आलेला एजंट आमचा नात्यातलाच. त्याला नाही कसे म्हणायचे? पहिल्या दोन वर्षांचे व्याज अगदी तारखेला आले. आई म्हणाली, बघा, बँकेपेक्षा बरे. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वडील पेरणीसाठी पैसे मागायला गेले, तर शटर खाली आणि बाहेर दीडशे माणसे उभी. त्या जूनमध्ये आमच्या घरात बियाणे आले ते सावकाराकडून शेकडा पाच रुपये महिन्याच्या पैशावर. चार टक्के जास्त मिळावेत म्हणून ठेवलेला पैसा, आणि त्याच्यापायी वर्षाला साठ टक्के भरायची पाळी! मुद्दलातले नऊ हजार अकरा वर्षांत तुकड्या-तुकड्याने परत मिळाले. वडिलांना पैशाचे दुःख होते, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते त्या नात्यातल्या माणसाने रस्ता बदलून जाण्याचे. त्या बिचाऱ्याचे स्वतःचेही त्यात गेले होते.

हे काही आमच्या एका घरचे नाही. जळगावची भाईचंद हिराचंद रायसोनी ही मल्टिस्टेट पतसंस्था २०१५ मध्ये अवसायनात गेली. तिथे तर पुढचा प्रकार झाला. ठेवीदार पैशाची वाट पाहून थकले, तेव्हा त्यांच्या ठेवीच्या पावत्या पडेल भावाने घेऊन मोठ्या कर्जदारांच्या खात्यात वळत्या केल्याच्या तक्रारी झाल्या आणि २०२० मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. गरजू शेतकऱ्याचा कापूस जसा खेडा खरेदीत पडेल भावाने जातो, तशी त्याची पावतीसुद्धा गेली. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट २०२३ पासून लोकांचे पैसे देऊ शकली नाही. पर्ल्स नावाची कंपनी तर जमिनीच्या नावाने गावोगावचे हप्ते गोळा करत होती. २०१४ साली सेबीने तिला लोकांचे ४९ हजार कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा हुकूम केला; पावत्या घेऊन अजून माणसे फिरत आहेत. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, मालमत्ता जप्त होतात, कोर्टात लिलावाचे हुकूम होतात. पण त्याला वर्षे लागतात आणि मिरग थांबत नाही.

आता जास्त व्याज येते कुठून, हे नीट समजून घ्या. ठेवीवरचे व्याज कोणी संचालक आपल्या खिशातून देत नाही. आपले पैसे तो दुसऱ्याला कर्जाऊ देतो आणि मधला फरक ठेवून घेतो. एखादी संस्था तुम्हाला तेरा टक्के देते म्हणजे तिला सतरा-अठरा टक्क्यांनी कर्ज द्यावेच लागणार. अठरा टक्क्यांनी कोण घेईल? ज्याला बँक नऊ-दहा टक्क्यांनी द्यायला तयार आहे तो तर येणार नाही. येणार तो प्लॉटवाला, अडचणीतला कंत्राटदार, नाहीतर संचालकाचाच साळा. पाटीवरचा मोठा आकडा पाहिला की मनातल्या मनात हा प्रश्न विचारायचा: माझ्या पैशावर एवढे व्याज भरणारा तो पठ्ठ्या आहे तरी कोण?

सगळ्याच पतसंस्था बुडव्या आहेत असे मी म्हणत नाही. तीस-चाळीस वर्षे नीट चाललेल्या संस्था या सभेतल्या माणसांनीच उभ्या केल्या आहेत, हे मला माहीत आहे. अडीअडचणीला रात्रीच्या वेळी पाच हजार देणारी तीच संस्था असते; बँकेचा साहेब देत नाही. तिथे सभासद राहा, थोडे पैसे ठेवा, वार्षिक सभेला जाऊन थकबाकी किती ते विचारा. पण पेरणीचा पैसा आणि लेकीच्या लग्नाचा पैसा तिथे ठेवू नका. हिशेब करून सांगतो. लाख रुपयांवर पतसंस्थेने अकरा टक्के दिले आणि पोस्टाने सात, तर फरक वर्षाला चार हजारांचा. या चार हजारांसाठी लाख रुपये टांगणीला. अशा पंचवीस संस्थांमधली वर्षाला एक जरी बुडाली तरी सगळ्यांचा मिळून जास्तीचा फायदा तिथेच संपला. आणि ज्याची बुडाली तो एकटा मरतो, बाकी चोवीसांना कळतही नाही.

बँक आणि पतसंस्था यांत फरक काय? इमारत सारखीच असते, काउंटर सारखेच असते, मॅनेजर तर पतसंस्थेचाच जास्त गोड बोलतो. फरक विम्याचा आहे. बँकेतल्या ठेवींवर ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. सरकारी बँक, खासगी बँक, ग्रामीण बँक, अर्बन सहकारी बँक, आपली जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्या त्यात येतात. १९९३ पासून ही हमी एक लाखाची होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाखांची झाली. एका माणसाचे एका बँकेतले सगळ्या शाखांमधले पैसे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे बँकेवर निर्बंध आले तर ही रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला माणशी हजार रुपयेच काढता येत होते, आणि लोक बँकेच्या दारात रडत होते. त्यातून ही सुधारणा झाली.

पतसंस्थेला, मल्टिस्टेटला आणि आपल्या गावच्या सेवा सोसायटीला हा विमा नाही. म्हणून पाटी वाचायला शिका. ‘अर्बन’ असेल, ‘मल्टिस्टेट’ असेल, ‘निधी’ असेल, शब्द कितीही मोठा असू द्या. ‘बँक’ हा शब्द आहे का आणि ठेव विम्याच्या यादीत तिचे नाव आहे का, एवढे विचारा. विचारायला लाज कसली? कापसाचा काटा आपण डोळे वटारून पाहतोच की.

कोणी म्हणेल, आमच्याकडे पाच लाख कधी येणार? येतात. समृद्धी महामार्गात, धरणात, कालव्यात जमीन गेली की एकदम येतात, आणि आयुष्यात एकदाच येतात. दहा-बारा लाख असतील तर ते तीन बँकांत वाटून ठेवा. वावर गेले, निदान त्याचा पैसा तरी एका दारात बांधू नका.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पाटीवरचे व्याज एक आणि आपल्या पदरात पडणारे व्याज दुसरे. पाटी सांगते सात टक्के, आठ टक्के. पण आपण जूनमध्ये किती टक्क्यांनी पैसे उचलतो, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते.

आपल्यातच अशी घरे आहेत, आणि मी त्यांना नावे ठेवत नाही, की पन्नास हजारांचे बचतपत्र पोस्टात पडले आहे. लेकीसाठी आहे, मोडायचे नाही असे ठरले आहे. आणि पेरणीला चाळीस हजार सावकाराकडून शेकडा तीनने घेतले आहेत. बचतपत्रावर २०२५ साली ७.७ टक्के व्याज आहे. सहा महिन्यांचे झाले १,९२५ रुपये. सावकाराचे चाळीस हजारांवर सहा महिन्यांचे व्याज झाले ७,२०० रुपये. एका हाताने दोन हजार घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने सात हजार द्यायचे, आणि म्हणायचे काय, तर आमची बचत आहे! लेकीच्या लग्नाचाच पैसा सावकाराच्या घरी चालला आहे, फक्त दुसऱ्या दाराने.

सावकार निदान दर सांगतो. कृषी केंद्रवाला सांगतही नाही. रोखीने वीस हजारांचे बियाणे, खत, फवारणीचे औषध उधारीवर घेतले की बिल तेवीस-चोवीस हजारांचे होते. व्याज शब्दच निघत नाही. समजा चोवीस धरू. जूनला घेतले, नोव्हेंबरात पहिल्या कापसावर फेडले. पाच महिन्यांत वीसावर चार हजार, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने ४८ टक्के झाले. शिवाय उधारीवाल्याला वाण निवडता येत नाही, तो देईल ते न्यावे लागते. आणि बियाणे उगवले नाही तर भांडायला तोंड राहत नाही.

मग सांगा, फेब्रुवारीत वीस हजार बाजूला ठेवले आणि जूनला रोखीने माल घेतला, तर त्या वीस हजारांवर तुम्हाला व्याज किती मिळाले? देशातली कोणतीही बँक देणार नाही एवढे मिळाले. ते पैसे चार महिने नुसते बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहिले असते तरी मिळाले असते. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याची सगळ्यात जास्त व्याजाची ठेव कोणती, असे कोणी विचारले तर मी सांगेन: आधी सावकाराचे फेडणे, मग जूनचा पैसा जूनलाच हातात राहील असा ठेवणे. यातून उरले तर दराची घासाघीस करा, खुशाल करा.

जूनचा पैसा कुठे ठेवायचा? इथे माणसे फसतात. पोस्टाच्या एक वर्षाच्या ठेवीला २०२५ साली ६.९ टक्के आहेत, बँकेला त्याहून कमी, म्हणून डिसेंबरात पैसे पोस्टात टाकले. पण पोस्टाची मुदत ठेव सहा महिन्यांच्या आत मोडताच येत नाही, आणि सहा महिने ते वर्ष या काळात मोडली तर बचत खात्याचे चार टक्केच मिळतात. जानेवारीत ठेवली तर जूनला हात बांधलेले. त्यापेक्षा बँकेत मोजून दीडशे-एकशे ऐंशी दिवसांची ठेव करा, मेच्या अखेरीला संपणारी. दर साडेपाच टक्क्यांच्या आगेमागे का असेना. वर्षाचा दर पाहून सहा महिन्यांचा पैसा अडकवू नये.

आणि ठेव मोडण्याची अगदीच वेळ आली तर आधी तिच्यावर कर्ज मागा. बँक ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त घेऊन त्याच ठेवीवर लगेच कर्ज देते. जामीन लागत नाही, सातबारा लागत नाही. सावकाराच्या छत्तीसपेक्षा बँकेचे आठ-नऊ कधीही बरे.

व्यापाऱ्याबद्दल एक शब्द. कापूस नेला की तो म्हणतो, रोख घेता तर सात हजार, मेमध्ये घ्याल तर सात हजार तीनशे. ऐकायला गोड वाटते. हिशेब करा: सात हजारांवर पाच महिन्यांचे तीनशे म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांच्या थोडे वर. दर वाईट नाही. पण कागद कुठे आहे? एक चिठ्ठी, तिच्यावर त्याची सही असली तर असली. बँक ज्याला तारणाशिवाय पैसे देत नाही, त्याला आपण शंभर क्विंटलवर उधार देतो आणि वरून त्याच्या गादीवर चहा पिऊन खूश होतो! त्याचे जिनिंग बुडाले तर बँक आधी आपले वसूल करणार, आपण रांगेत शेवटी.

पीककर्जाचे थोडक्यात सांगतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत धरून चार टक्के पडते, आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरून व्याज शून्य होते. मुदत टळली की सवलत जाते. माफी येईल म्हणून भरू नका, पैसे दुसरीकडे ठेवा, असे सांगणारे गावोगाव आहेत. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या हेही खरे. हे कर्ज आपल्या डोक्यावर का चढले याबद्दल माझे मत तुम्हाला माहीत आहे. पण घरचा हिशेब म्हणून पाहाल, तर माफीच्या वाटेवर बसणाऱ्याला पुढच्या हंगामात बँक कर्ज देत नाही आणि तो पुन्हा शेकडा तीनकडे जातो. हा खर्च मोजून मग ज्याने त्याने ठरवावे.

हे सगळे भागून जे राहील ते लांबच्या मुदतीला टाका. तिथे पोस्ट चांगले; त्याच्यामागे सरकार आहे, पाच लाखांची मर्यादाही नाही. २०२५ साली पाच वर्षांच्या ठेवीला साडेसात, साठ वर्षांवरच्यांच्या योजनेला आणि मुलीच्या सुकन्या खात्याला ८.२ टक्के आहेत. जुन्या माणसांना आठवत असेल, १९८८ साली किसान विकास पत्र निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे. आता ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षे सात महिने. म्हणून पोस्ट बिघडले असे समजू नका. तेव्हा महागाईही तशीच धावत होती; दुप्पट झालेल्या पैशात दुप्पट युरिया येत नव्हता. आणि आजही कोणी पाच वर्षांत दुप्पट म्हणत आला तर त्याला चहा पाजा आणि वाटे लावा.

एक गैरसमज. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण कापसाच्या पैशावरचे बँकेचे व्याज शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. मोठी ठेव असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल तर दर वर्षी तसे घोषणापत्र बँकेत भरून द्या, नाहीतर व्याजातून कर कापला जातो आणि तो परत मागायला तालुक्याला हेलपाटे पडतात.

शेवटचे मायबहिणींसाठी. घरधनी अचानक गेला आणि ठेव कुठे आहे हे घरात कोणालाच माहीत नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मागितल्या तर मिळतात, पण मागायला ठाऊक तर पाहिजे. ठेव दोघांच्या नावाने करा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असे लिहून. वारस नोंद करा. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांची करता येते. पावती कोणत्या डब्यात आहे हे लेकीला आणि सुनेला दाखवा. आणि जूनच्या पैशाची ठेव घरच्या लक्ष्मीच्या नावाने करा. एजंटाला आणि सोयऱ्याला नाही म्हणणे पुरुषाला जड जाते. ‘मला माहीत नाही बाई, यांना विचारा’ असे सांगून तिने परत पाठवले आणि यांनी ‘तिच्या नावाने आहे’ म्हणून परत पाठवले, की पैसे मेअखेरपर्यंत टिकतात. आमच्या घरी गेली कित्येक वर्षे असेच चालले आहे.

आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या बायांनी आधी विचारावेत. आणि ज्यांच्याजवळ कुठल्या बंद पडलेल्या संस्थेच्या पावत्या असतील त्यांनी सभा संपल्यावर कार्यकर्त्यांकडे नाव, गाव आणि रक्कम लिहून द्यावी. पावतीची झेरॉक्सच द्या, मूळ पावती कोणाच्याही हातात देऊ नका, आमच्याही नाही.